जुन्या अॅम्प्लिफायरवर स्ट्रीमिंगचे संगीत: नागपूरच्या घरांसाठी मार्ग, जोडणी आणि पारख

नागपुरातल्या कितीतरी घरांच्या हॉलमध्ये एक अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आजही आपली जागा धरून आहेत. कुठे सोनोडाईन आहे, कुठे कॉस्मिक, कुठे बाहेरदेशी असलेल्या नातेवाइकाने आणलेला यामाहा. कॅसेट डेकचा पट्टा सैल झाला, सीडी प्लेयरची लेन्स गेली आणि गाणे हळूहळू फोनच्या इवल्याशा स्पीकरवर येऊन बसले. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र बहुधा धडधाकट असतात. त्यांना गाणे पुरवणारे साधन तेवढे उरलेले नसते. ते साधन आज अनेक प्रकारांनी मिळते आणि त्यांच्या किमतींत इतके अंतर आहे की, नेमके काय घ्यावे याबाबत गोंधळ होणे स्वाभाविक आहे. हा गोंधळ एका प्रश्नाने बराच कमी होतो: गाणे फोनमधून जाते, की फोन फक्त सांगतो आणि गाणे दुसरेच यंत्र आणते? खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर रोजच्या ऐकण्याचा दर्जा आणि सोय जास्त अवलंबून असते.

अॅम्प्लिफायरची पाठ आधी पाहावी

खरेदीसाठी सीताबर्डी गाठण्याआधी अॅम्प्लिफायरचा प्लग काढावा, तो भिंतीपासून पुढे ओढावा आणि पाठीमागच्या खोबणींचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवावा. लाल-पांढऱ्या गोल खोबणींच्या जोड्या म्हणजे आरसीए. त्यांच्यावर ऑक्स, सीडी, ट्यूनर किंवा टेप प्ले असे लिहिलेले असेल, तर स्ट्रीमिंगचे कोणतेही साधन तिथे जोडता येते. नावे वेगळी असली तरी या जोड्या जवळजवळ सारख्याच असतात. टेप रेक असे लिहिलेल्या जोडीतून सिग्नल बाहेर येतो, त्यामुळे तिथे जोडून काही वाजणार नाही.

फोनो या जोडीला मात्र हात लावू नये. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो; फोनो विभाग तो साधारण शंभर पटींनी वाढवतो आणि त्यातला खर्जही मुद्दाम उचलून धरतो. तिथे दोन व्होल्ट देणारा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणे आणणारे यंत्र, लावला, तर आवाज फाटतो आणि व्हॉल्यूम वर असल्यास स्पीकरलाही धोका पोहोचतो. काही जुन्या अॅम्प्लिफायरना आरसीएऐवजी पाच पिनांची गोल डिन खोबण असते; त्यासाठी डिनपासून आरसीएपर्यंतची तयार केबल मिळते. अॅम्प्लिफायर नवा असेल आणि त्यावर ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल लिहिलेले असेल, तर आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारा भाग, म्हणजे डॅक, त्याच्या आतच असतो आणि वेगळा घ्यावा लागत नाही.

गाणे कोण आणते

ब्लूटूथ, फोनची वायर आणि बहुतेक वेळा एअरप्ले (वायफायवरून गाणे पाठवण्याची अॅपलची पद्धत) यांत गाणे आधी फोनमध्ये येते आणि तिथून पुढे जाते. फोन गाण्याच्या वाटेवरच उभा असल्यामुळे फोन घेऊन कोणी भाजी आणायला गेले की संगीत थांबते. ब्लूटूथवर आणि वायरीवर तर कॉल आला तरी गाणे थांबते, आणि संदेशाची टिंगटिंगही स्पीकरवर ऐकू येऊ शकते. स्पॉटिफाय कनेक्ट आणि गूगल कास्ट यांची रीत वेगळी आहे. इथे फोन फक्त ‘अमुक गाणे वाजव’ असा निरोप देतो आणि स्ट्रीमर घरच्या वायफायवरून ते गाणे थेट सर्व्हरवरून आणतो. फोन बंद केला तरी मैफल चालू राहते, आणि मधल्या वाटेवर गाणे पुन्हा दाबून लहान करण्याची गरज उरत नाही.

दाबून लहान करणे म्हणजे काय, हेही आकड्यांत समजून घेतले पाहिजे. सीडीवर १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ असा ध्वनी असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. फ्लॅक किंवा अॅलॅक या लॉसलेस पद्धतींत काहीही न गमावता हा आकार साधारण निम्म्यावर येतो. स्पॉटिफायची ३२० किलोबिटची पातळी किंवा यूट्यूबवरचा साधारण १२८ ते १६० किलोबिटचा ध्वनी यांत कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा काढून टाकलेला असतो. इंटरनेटच्या खर्चाच्या भाषेत ३२० किलोबिटला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात आणि सीडीच्या दर्जाच्या लॉसलेसला साधारण ३०० ते ४०० एमबी. घरी फायबर असेल तर हा विचार करण्याचे कारण नाही. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दोन जीबी मिळत असतील, तर लॉसलेस ऐकणाऱ्याचा कोटा पाच-सहा तासांत संपतो.

ब्लूटूथ: सोपा, स्वस्त आणि ठरावीक मर्यादेचा

छोटा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला जोडला की काम संपते. घरी आलेल्या पाहुण्यालाही आपले गाणे लावता येते. ब्लूटूथवर ध्वनी दाबून पाठवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सर्वसाधारण एसबीसी कोडेक उत्तम स्थितीत ३२८ किलोबिटपर्यंत जातो, आयफोन एएसी वापरतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सोनीने विकसित केलेला एलडॅक असतो, जो ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटने चालतो. कोडेक फोन आणि रिसीव्हर या दोघांकडेही असावा लागतो, त्यामुळे केवळ रिसीव्हरच्या खोक्यावर एलडॅक लिहिलेले पाहून आयफोनधारकाने जास्त पैसे मोजू नयेत. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून प्रत्यक्षात कोणता कोडेक चालू आहे, हे पाहता येते.

जे मुळातच दाबलेले आहे, त्याला ब्लूटूथ पुरतो. जुन्या नाट्यसंगीताच्या आणि खासगी मैफलींच्या अनेक ध्वनिफिती केवळ यूट्यूबवरच सापडतात, आणि तिथे मूळ टेपची खरखर आणि चढवणाऱ्याने ठेवलेला दर्जा हीच खरी मर्यादा असते. अशा ध्वनिफितीसाठी महागडा स्ट्रीमर घेऊन फारसे काही हाती लागत नाही.

फोनला वायर आणि छोटा डॅक

कमी खर्चात लॉसलेस ऐकण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे, असे माझे मत आहे. फोनच्या यूएसबी-सी खोबणीत छोटा डॅक लावायचा आणि त्याच्या ३.५ मिमी जॅकमधून दोन आरसीए पिनांची केबल ऑक्सला द्यायची. अॅपल म्युझिकने २०२१ साली जादा पैसे न घेता लॉसलेस सुरू केले, ते या वायरीवर पूर्ण दर्जाने मिळते. ४८ किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनीसाठी तर बाहेरचा डॅक लागतोच. अँड्रॉइड फोन पुष्कळदा सगळा ध्वनी ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पुढे पाठवतो. तो बदल टाळायचा असेल, तर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो यासारखे अॅप थेट डॅकशी बोलते. ४८ किलोहर्ट्झचा हा बदल नीट केलेला असेल, तर तो कानाला ओळखू येणे कठीण असते, म्हणून केवळ त्यापायी अस्वस्थ होऊ नये. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण किंवा किंचित कमी ठेवून आवाज अॅम्प्लिफायरच्या बटणाने कमीजास्त करावा.

अडचण सोयीची आहे. फोन अॅम्प्लिफायरशेजारी अडकून पडतो आणि गाणे बदलायला दरवेळी उठावे लागते. घरात जुना पण चालू फोन पडलेला असेल, तर तो कायमचा तिथे ठेवणे हा चांगला उपाय आहे.

एअरप्ले, कास्ट आणि स्ट्रीमर

एअरप्ले वायफायवरून चालते आणि सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ दर्जापर्यंतचा ध्वनी लॉसलेस नेऊ शकते. ज्या घरात सगळ्यांकडे आयफोन आहेत, त्यांना ते फार सोयीचे पडते. गूगल कास्ट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते. क्रोमकास्ट ऑडिओ नावाचे छोटे गोल यंत्र २०१५ साली आले आणि २०१९च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन थांबले. ते कुणाकडे वापरलेले मिळत असेल आणि नीट चालत असेल, तर आजही उपयोगी आहे.

स्वतंत्र स्ट्रीमर, म्हणजे विम, ब्लूसाउंड किंवा केंब्रिज ऑडिओ यांच्यासारख्या कंपन्यांची छोटी-मोठी खोकी, यांतल्या अनेक पद्धती एकत्र देतात. मात्र प्रत्येक मॉडेलमध्ये सगळ्या नसतात. एकात एअरप्ले असते पण कास्ट नसते, दुसऱ्यात नेमके उलटे. म्हणून खरेदीआधी घरातल्या माणसांची यादी करावी, प्रत्येकाचा फोन आणि प्रत्येकाची संगीतसेवा लिहावी, आणि त्या यादीशी यंत्राची वैशिष्ट्ये ओळीओळीने ताडून पाहावीत. सेवेचे नाव यादीत नसेल, तर विक्रेत्याच्या ‘ब्लूटूथने चालेल की’ या उत्तरावर समाधान मानू नये, कारण मग आपण स्ट्रीमरच्या किमतीत ब्लूटूथ रिसीव्हरच घेत असतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दुकानातच तपासावी. सीडीवर एकाच रागाचे विलंबित आणि द्रुत बऱ्याचदा दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात, आणि काही यंत्रे दोन ट्रॅकच्या मध्ये अर्धा-एक सेकंद गप्प होतात. सम येण्याच्या क्षणी आलेली ती शांतता फार बोचते. डीएलएनए पद्धतीने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या संगणकातून किंवा डिस्कवरून, फाइली वाजवताना ही त्रुटी अधिक आढळते. असे दोन सलग ट्रॅक सोबत नेऊन यंत्र तपासण्यात संकोच करू नये.

टीव्हीची वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्मार्ट टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल, तर तिथून स्वस्त डॅकमार्गे अॅम्प्लिफायर जोडता येतो, आणि यूट्यूबवरच्या मैफली पडद्यावर पाहत चांगल्या स्पीकरवर ऐकता येतात. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा ध्वनी, असे ठेवावे. ते डॉल्बीवर राहिले, तर साधा डॅक गप्प बसतो आणि दोष विनाकारण केबलवर येतो.

स्वतः बांधलेला स्ट्रीमर

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर बसणारे डॅकचे कार्ड आणि मूड किंवा व्होल्युमिओ यांपैकी एक सॉफ्टवेअर एवढ्यावर उत्तम स्ट्रीमर तयार होतो. क्रम असा ठेवावा: सॉफ्टवेअरची इमेज संगणकावर उतरवून ती इमेजर प्रोग्रामने मायक्रोएसडी कार्डावर लिहावी, पाय बंद असताना डॅक कार्ड पिनांवर सरळ दाबून बसवावे, शक्यतो पहिल्यांदा लॅनची केबल लावून तो सुरू करावा, मग त्याच नेटवर्कवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये त्याचे पान उघडून सेटिंगमध्ये आपल्या डॅकचे नाव निवडावे आणि पुन्हा सुरू करावा. डॅकचे नाव निवडायचे राहिल्यामुळे आवाज न येणे ही इथली नेहमीची चूक आहे. पाय ४ ला स्वतःचा ३.५ मिमी जॅक आहे, पण त्याचा दर्जा साधारण आहे. पाय ५ ला तो जॅकच नाही.

आपल्याकडे दोन खबरदाऱ्या विशेष घ्याव्या लागतात. तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचले की पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या वर असताना काच लावलेल्या शोकेसमध्ये त्याला श्वास घ्यायला जागा नसते. तो उघड्यावर, शक्य तर धातूच्या केसमध्ये ठेवावा. तसेच वीज अचानक गेल्यास कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो, म्हणून सगळे एकदा मनासारखे जुळले की त्या कार्डाची एक प्रत करून कपाटात ठेवावी.

स्वतःच्या सीडींचा संग्रह असेल, तर पाय त्याचेही चीज करतो. एका सीडीची फ्लॅक फाइल साधारण ३०० ते ४०० एमबीची होते, त्यामुळे ५०० जीबीच्या एका डिस्कवर हजाराहून अधिक सीडी बसतात. ज्या गायकांच्या सीडी कोणत्याही सेवेवर आलेल्या नाहीत, त्यांचा आवाज जपण्याचा हा मार्ग आहे, आणि यासाठी घालवलेला प्रत्येक रविवार सार्थकी लागतो असे मला मनापासून वाटते.

घरातले वायफाय

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना फार अडवतात, तिथे २.४ गिगाहर्ट्झ अधिक दूर पोहोचते. मनीषनगरसारख्या भागातल्या फ्लॅट स्कीममध्ये उलट परिस्थिती असते: शेजारपाजारचे इतके राउटर २.४वर बोलत असतात की ५ गिगाहर्ट्झच बरे पडते. स्ट्रीमर ठेवायच्या जागी फोन ठेवून वेग पाहावा. लॉसलेस संगीताला फार वेग लागत नाही, सातत्य लागते. शक्य असेल तिथे राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत लॅनची केबल टाकावी. ती मात्र विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये.

फोनमध्ये स्ट्रीमर दिसतच नसेल, तर फोन आणि स्ट्रीमर एकाच नेटवर्कवर आहेत का, फोनवर व्हीपीएन चालू आहे का, आणि आपण गेस्ट वायफायवर तर नाही ना, हे आधी पाहावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर चालतो पण राउटर बंद पडतो, अशीही घरे आहेत. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

गुणगुण कुठून येते

स्ट्रीमिंग जोडल्यानंतर स्पीकरमधून सतत येणारी खालच्या सुरातली गुणगुण ही सर्वांत त्रासदायक तक्रार आहे, आणि बहुतेकदा यंत्र बदलूनही ती जात नाही. आमच्या देवनगरच्या घरी मी पहिला ब्लूटूथ रिसीव्हर जोडला, तेव्हा तानपुऱ्याच्या मागे एक वेगळाच सूर लागलेला असे. रिसीव्हर बदलून आणला तरी तो सूर तसाच राहिला. शेवटी कळले की रिसीव्हर आणि फोन एकाच चार्जरवर होते आणि फोनची वायरही अॅम्प्लिफायरला जोडलेली होती. रिसीव्हरला वेगळा चार्जर दिला आणि आवाज त्याच क्षणी स्वच्छ झाला.

शोध क्रमाने घ्यावा. अॅम्प्लिफायरच्या सगळ्या आरसीए पिना काढाव्यात. तरीही गुणगुण असेल तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये आहे, आणि तो बहुधा जुन्या कपॅसिटरचा असतो. शांतता झाली तर एकेक साधन जोडत जावे. लॅपटॉप जोडल्यावर आवाज आला आणि चार्जर काढताच गेला, किंवा टीव्हीची डिश केबल काढताच गेला, तर दोन साधनांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हे कारण समजावे. सगळी साधने एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणणे हा पहिला उपाय. ऑप्टिकल केबल वापरणे हा दुसरा, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. आणि लाइन सिग्नलसाठीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन साधनांमधला तारेचा थेट संबंध तोडून फक्त ध्वनीचा सिग्नल पुढे नेणारे साधन, हा तिसरा. अर्थिंगची जाड पिन कापणे किंवा काढून टाकणे हा उपाय कोणी सुचवला, तर तो कधीही स्वीकारू नये. त्यात जिवाचा धोका आहे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग निकामी होत जाते. अॅम्प्लिफायरच्या किंवा संगणकाच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर ते अर्थिंग तुटल्याचे लक्षण असू शकते. तिथे इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घ्यावी आणि खड्ड्याला उन्हाळाभर पाणी द्यावे.

कूलरचा विचारही इथेच करायला हवा. कूलरची मोटर चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् असा आवाज येत असेल, तर अॅम्प्लिफायर दुसऱ्या सर्किटच्या प्लगवर न्यावा. कूलरच्या ओल्या हवेचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये, कारण पिनांवर गंज चढतो आणि एका बाजूचा स्पीकर अधूनमधून गप्प होतो. पावसाळा संपला की सगळ्या पिना एकदा काढून कोरड्या कापडाने पुसाव्यात.

दोन मार्गांची प्रामाणिक तुलना

दोन साधनांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असतो, ते आपल्याला अधिक चांगले वाटते, आणि हा फरक मोठेपणाचा आहे हे मनाला कळत नाही. फोनचा जॅक बहुधा एक व्होल्टच्या आत राहतो आणि स्ट्रीमर दोन व्होल्टपर्यंत देतो, त्यामुळे थेट अदलाबदल करून काढलेला निष्कर्ष जवळपास नेहमीच फसवा असतो. म्हणून दोन्ही साधनांवर २०० हर्ट्झचा एकच टोन वाजवावा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून साधारण एक व्होल्ट मिळेल इतका आवाज ठेवावा, आणि दोन्हींचे आकडे एक टक्क्याच्या आत जुळवावेत. मल्टिमीटरला २ किंवा २० व्होल्टची एसी रेंज असावी; २०० हर्ट्झ एवढ्यासाठी, की साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचे राहत नाही. नंतर एकच रेकॉर्डिंग दोन्हींवर लावावे, अदलाबदल दुसऱ्या कुणाला करायला सांगावी, आणि कोणते चालू आहे हे न पाहता दहा-बारा वेळा ओळखून पाहावे.

ऐकण्यासाठी तानपुरा आणि तबला यांचे स्वच्छ रेकॉर्डिंग घ्यावे. जवारीतून उठणारे वरचे स्वर कमी बिटच्या ब्लूटूथवर खरबरीत होतात, असा माझा अनुभव आहे. ३२० किलोबिट आणि लॉसलेस यांच्यात मात्र मला खात्रीने फरक सांगता आलेला नाही. वसंतराव देशपांडे सभागृहात पुढच्या रांगेत बसून ऐकलेला तानपुरा ज्यांच्या कानात आहे, त्यांनी तोच मापदंड मानावा. ही परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घ्यावी; एप्रिल ते जून हॉलमध्ये कूलर चालू असताना त्याच्या आवाजाखाली हे बारकावे सगळे झाकले जातात, आणि त्या काळात साधा ब्लूटूथ आणि महागडा स्ट्रीमर यांतला फरक जवळजवळ उरत नाही.

ज्यांना गाणे सोबतीला लागते, त्यांनी ब्लूटूथवर समाधानी राहावे. ज्यांच्याकडे लॉसलेस सेवा आहे आणि जे एकटे, बसून ऐकतात, त्यांनी वायर आणि डॅक घ्यावा. घरात तीन-चार माणसे आपापले गाणे लावणारी असतील, तर स्ट्रीमरचा खर्च योग्य आहे. पैसे उरले, तर ते जुन्या स्पीकरचा फुटलेला फोम बदलण्यावर घालवावेत. तो फरक कोणालाही ऐकू येतो.

सगळे जोडून झाल्यावर एक शेवटचे काम करावे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहाव्यात: अॅम्प्लिफायरचे कोणते बटण दाबायचे, निवड कोणत्या खुणेवर ठेवायची, आणि फोनवर कोणते चित्र उघडायचे. तो कागद अॅम्प्लिफायरच्या बाजूला चिकटवावा. आमच्याकडे असा कागद लावल्यापासून सकाळी सहाला आई स्वतः न्यूजऑनएअर अॅपवर आकाशवाणीची रागम वाहिनी लावते, आणि त्यासाठी कोणाला उठवत नाही.